ड्रॅगन कॉनच्या फॅन टेबलवर तीन दिवस: माझा रिव्ह्यू

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे रिव्ह्यू कुठल्या नजरेतून लिहिलाय ते कळेल. मी अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीकला राहते, मूळची मिरजेची, वय पन्नासच्या आसपास. ड्रॅगन कॉनला ह्याआधी तीनदा जाऊन आलेय पण नुसती बघायला, म्हणजे पास घ्यायचा, पॅनलच्या (म्हणजे चर्चेच्या कार्यक्रमांच्या) रांगेत उभं राहायचं, कॉस्प्लेचे (आवडत्या पात्रांचे वेश केलेल्या लोकांचे) फोटो काढायचे आणि पाय दुखायला लागले की घरी यायचं. ह्या वर्षी (२०२५) पहिल्यांदाच टेबलच्या मागे उभी राहिले, आमच्या स्टार ट्रेक (अंतराळयानावरची जुनी अमेरिकन टीव्ही मालिका) फॅन ग्रुपच्या टेबलवर व्हॉलंटियर म्हणून, शुक्रवार शनिवार रविवार तीन दिवस, रोज चार तासांची शिफ्ट, बरोबर माझी सोळा वर्षांची लेक.

ज्यांना ड्रॅगन कॉन माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. हे फॅन लोकांचं मोठं संमेलन, १९८७ पासून अटलांटात भरतं, आता दरवर्षी लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंडला, डाउनटाउनमधली पाच मोठी हॉटेलं आणि शिवाय विक्रेत्यांसाठी अमेरिकासमार्टची इमारत, एवढा सगळा पसारा. माणसं सत्तर हजारांच्या वर येतात. सायन्स फिक्शन, फँटसी, कॉमिक्स, गेमिंग, कठपुतळ्या, खरं विज्ञान, सगळं एकाच छताखाली, खरं तर पाच छतांखाली, आणि दिवसरात्र चालू असतं, रात्री दोन वाजतासुद्धा लॉबीत पाय ठेवायला जागा नसते. आणि मुख्य म्हणजे हे सगळं बहुतांश व्हॉलंटियर चालवतात. कुठल्या स्टुडिओची जाहिरात म्हणून उभा केलेला हा कार्यक्रम नाही, फॅन लोकांनी फॅन लोकांसाठी केलेला आहे. आपल्याकडचं सार्वजनिक गणेशोत्सवाचं मंडळ ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना ही यंत्रणा लगेच कळेल, वर्गणी, कार्यकर्ते, रात्रभर जागून केलेली आरास, आणि हो, रक्तदान शिबिर पण, ड्रॅगन कॉनचं रक्तदान शिबिर खूप मोठं असतं आणि लोक स्पायडरमॅनच्या वेशात पलंगावर आडवे होऊन रक्त देतात हे मी स्वतः बघितलंय.

फॅन टेबल म्हणजे काय, तर हॉटेलच्या मोठ्या पॅसेजमध्ये रांगेने टेबलं लावलेली असतात आणि एकेका टेबलवर एकेक फॅन ग्रुप बसतो. दुकान नाही. आमच्याकडे विकायला काहीच नव्हतं. ग्रुपची माहिती द्यायची, ज्यांना यायचंय त्यांचं नाव लिहून घ्यायचं, छोट्यांना स्टिकर द्यायचे, मोठ्यांना बॅजला लावायच्या रिबिनी द्यायच्या आणि गप्पा मारायच्या. बस. ऐकायला सोपं वाटतं ना, मला पण वाटलं होतं.

आता वेळेचं गणित. ह्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला बुधवारी आणि कॉन २८ पासून सुरू. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी विसर्जन केलं, बादलीत, पाटावर, आरती म्हणताना नेहमीसारखं रडू आलं, आणि रात्री अकराला मी आणि लेक दिवाणखान्यात बसून रिबिनींचे गठ्ठे बांधत होतो. मखर तसंच होतं बाजूला. बुधवारी उकडीचे केले होते ते संपले पण तळणीचे मोदक मुद्दाम जास्तीचे केले होते, ते टिकतात चार दिवस, ते स्टीलच्या डब्यात भरले आणि तो डबा बरोबर घेतला. हा डबा पुढे येणार आहे म्हणून सांगून ठेवते.

रिबिनींचं पण सांगते कारण ड्रॅगन कॉनमध्ये ही मोठी गंमत असते. गळ्यात पास लटकवलेला असतो, त्याच्या खाली चिकटवायच्या छोट्या रंगीत पट्ट्या, प्रत्येक ग्रुप आपापल्या छापून आणतो आणि फुकट वाटतो, लोक एकाखाली एक चिकटवत जातात, काहींची माळ गुडघ्यापर्यंत पोचलेली असते. आमच्या ग्रुपची रिबीन होतीच, पण लेक म्हणाली आई आपण दोघींची वेगळी करूया, मराठीत. मग आम्ही दोनशे पट्ट्या छापून घेतल्या, निळ्यावर चंदेरी अक्षरं, देवनागरीत एवढंच: आयुष्मान भव. ज्यांनी स्टार ट्रेक बघितलंय त्यांना मी का ते सांगायला नको. मालिकेतला परग्रहावरचा स्पॉक आणि त्याचे लोक बोटं फाकवून जे म्हणतात, 'लिव्ह लाँग अँड प्रॉस्पर', म्हणजे खूप जग आणि भरभराट होवो, ते आपल्याकडे वाकून नमस्कार केला की प्रत्येक आजी म्हणतच असते. लहानपणी ती सिरियल बघताना मला तो परग्रहावरचा माणूस परका वाटलाच नव्हता त्याचं कारण हेच असावं.

लहानपणी म्हणजे ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. आमच्या आळीत एकच टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट, समोरच्या जोशीकाकूंकडे, आणि इंग्रजी मला शष्प कळत नव्हतं. पण मालिकेतल्या त्या अंतराळातल्या जहाजाच्या डेकवर एक बाई बसलेली असायची, कानाला काहीतरी लावून, आणि ती ऑफिसर होती, चहा आणून देणारी नव्हती, तिला काहीतरी ऐकू येतंय आणि ती कॅप्टनला सांगतेय आणि कॅप्टन ऐकतोय. एवढं कळण्यापुरतं इंग्रजी लागत नाही. १९९९ ला अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा रंगीत बघितलं तेव्हा कळलं की तिचा ड्रेस लाल आहे. मी पंधरा वर्षं तो करडाच समजत होते. फोनवर आईला सांगितलं, आई म्हणाली अगं मला तर हिरवा वाटायचा.

तर शुक्रवार. मार्टाने (अटलांटाची मेट्रो) गेलो, नॉर्थ स्प्रिंग्सला गाडी लावली, रेड लाइन, अडीच डॉलर, पीचट्री सेंटरला उतरायचं. ज्यांना जायचंय त्यांनी हेच करा प्लीज, डाउनटाउनला गाडी नेऊ नका. दोन वर्षांपूर्वी आम्ही नेली होती, तिथल्या एका खासगी पार्किंगवाल्याने बोर्डावर एक रेट लावलेला आणि बाहेर पडताना भलताच घेतला, वर हुज्जत घातली. मार्टाचं पीचट्री सेंटर स्टेशन खूप खोल आहे, वर यायचा सरकता जिना इतका लांब की वरचं टोक दिसत नाही, आणि त्या जिन्यावर तुमच्या पुढे एक ड्रॅगन आणि मागे तीन स्टॉर्मट्रूपर (स्टार वॉर्समधले सैनिक) उभे असतात, कॉन तिथूनच सुरू होतं. फक्त रात्री उशिरा निघालात तर रेड लाइनसाठी लिंडबर्गला गाडी बदलावी लागते हे लक्षात ठेवा. हॉटेलं एकमेकांना वरच्यावर काचेच्या पुलांनी जोडलेली आहेत, हायात, मॅरियट, हिल्टन आणि मधला फूड कोर्ट, त्यामुळे ऑगस्टच्या उकाड्यात फारसं बाहेर पडावं लागत नाही. ही हॉटेलं नुसती बघायला पण जा खरंच, हायात रीजन्सी १९६७ चं, जॉन पोर्टमन नावाच्या आर्किटेक्टने आत बावीस मजली पोकळी ठेवलीय, आणि त्याचंच मॅरियट मार्क्विस १९८५ चं, आत उभं राहून वर बघितलं की एखाद्या अवाढव्य माशाच्या बरगड्यांच्या आत आहोत असं वाटतं. अंतराळयानाच्या फॅन लोकांना ह्याच्यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

पहिला दिवस तसा सोपा गेला. आमचा ग्रुपप्रमुख, त्याला सगळे कॅप्टनच म्हणतात कारण ह्या फॅन क्लबांमध्ये प्रत्येक गावची शाखा म्हणजे एक जहाज आणि शाखाप्रमुख म्हणजे कॅप्टन, तो सत्तरीचा आहे, पोस्टात नोकरी केलेला, त्याने मला एकच गोष्ट शिकवली. खुर्चीत बसू नकोस. बसलेल्या माणसाकडे कोणी येत नाही. उभी राहा, टेबलच्या थोडी बाजूला, आणि समोरच्याच्या अंगावर काय आहे त्याबद्दल बोल, आपल्या ग्रुपबद्दल बोलू नकोस, ते तो स्वतः विचारेल. शब्दशः खरं निघालं. लाडाने शिवलेल्या कपड्याबद्दल कोणी विचारलं की माणसाचा चेहरा कसा उजळतो ते बघण्यासाठी तरी ही शिफ्ट घ्या. एका काकांनी चिलखत केलं होतं, योगा मॅटपासून, अकरा महिने लागले म्हणाले, बायको वारल्यावर रात्री झोप येत नव्हती म्हणून सुरू केलं. पाच मिनिटं बोलले आणि स्टिकर घेऊन गेले. पॅनलच्या रांगेत उभी असते तर मी त्यांचा फक्त फोटो काढला असता.

आणि पोरं. त्या हाताच्या खुणेचं पोरांना फार वेड. अंगठा बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र, अनामिका आणि करंगळी एकत्र, मधे फट. मोठ्यांना पण पटकन जमत नाही. लेकीने युक्ती काढली, दोन रबरबँड, एक पहिल्या दोन बोटांना, एक शेवटच्या दोन बोटांना, मग हात आपोआप तसा होतो. पाच वर्षांची एक मुलगी होती, समोरचे दोन दात पडलेले, तिने रबरबँड लावून हात वर केला, मग हळूच एक रबरबँड काढला, बोटं तशीच राहिली, मग श्वास रोखून दुसरा काढला, करंगळी थरथरत होती पण फट टिकली. तिच्या बाबांनी जी आरोळी ठोकली ना, आजूबाजूची चार टेबलं टाळ्या वाजवायला लागली. मी तिला सांगितलं की ही खूण स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉय नावाच्या नटाने त्याच्या लहानपणी सिनेगॉगमध्ये पुजारी आशीर्वाद देताना बघितली होती आणि तीच त्याने मालिकेत आणली. तिला काही त्यात रस नव्हता पण बाबा थांबून ऐकत राहिले.

शनिवार. शनिवारबद्दल नीट लिहिते कारण कोणी व्हॉलंटियरिंगचा विचार करत असेल तर शनिवारचीच तयारी करायला लागते.

सकाळी दहाला पीचट्री स्ट्रीटवर परेड असते, ती सगळ्या शहरासाठी फुकट, लोक पहाटेपासून खुर्च्या टाकून बसतात. परेड संपली की ही सगळी गर्दी एकदम हॉटेलांमध्ये शिरते. आमच्या ग्रुपने ड्यूटी लावताना नेमकं हेच विसरलं होतं, अर्धे लोक परेडमध्ये चालायला गेलेले आणि टेबलवर आम्ही दोघीच. साडेअकरा ते पावणेदोन मला पाणी प्यायलासुद्धा मिळालं नाही. समोर पाच-सहा जणांची फळी, मागे ढकलाढकली, एकाला रिबीन हवीय, एकाला बाथरूम कुठंय विचारायचंय, एका बाईंचा मुलगा हरवलाय (सापडला, दहा मिनिटांत, दोन टेबलं पलीकडे रोबोट बघत बसला होता), आणि त्यात एक गृहस्थ टेबलला कोपर टेकवून चाळीस मिनिटं जुनी मालिका श्रेष्ठ की नवीन ह्यावर भाषण देत उभे. मागचे लोक त्यांच्यामुळे पुढे येऊ शकेनात. शेवटी लेकीनेच त्यांना सांगितलं, सर हे फार महत्त्वाचं आहे, तुम्ही इकडे आत येऊन मला ह्या पट्ट्या मोजता मोजता सांगाल का. आणि ते आले! पुढचा एक तास त्यांनी पट्ट्या वाटल्या. आता ते ग्रुपमध्ये आहेत.

एक गोष्ट मनाला लागली ती पण लिहिते. पहिल्या दोन दिवसांत कितीतरी लोकांनी प्रश्न मला न विचारता लेकीला विचारले. मी तिच्याबरोबर आलेली आई असणार असंच धरून चालले. एकाने तर मला प्रेमानेच म्हटलं की किती छान, मुलीच्या आवडीसाठी तुम्ही एवढा वेळ देता. वाईट हेतू नव्हता कोणाचा, पण साडी-सलवारमधली (मी शनिवारी मुद्दाम निळा कुडता घातला होता, छातीवर बॅज) मध्यमवयीन भारतीय बाई स्वतः फॅन असेल हे डोक्यातच येत नाही लोकांच्या. सव्वीस वर्षं ह्या देशात हेच बघतेय. लेक प्रत्येकाला सांगत होती, एक्स्पर्ट ती आहे, मी नाही. मग मी टेबलवर प्रश्नांच्या चिठ्ठ्यांची बरणी ठेवली, एक चिठ्ठी काढा, उत्तर मला द्या नाहीतर मी देते. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव मालिकेतल्या जहाजावरून एंटरप्राइज कसं पडलं? उत्तर: १९७६ साली फॅन लोकांनी पत्रांचा ढीग पाठवला म्हणून. स्टार ट्रेकचा तिसरा सीझन आला तो कशामुळे? परत पत्रं, १९६७-६८ साली, चॅनेल मालिका बंद करायच्या बेतात होतं तेव्हा बीजो ट्रिंबल आणि त्यांच्या नवऱ्याने पत्रांची मोहीम उभी केली. घरात बसून पत्त्यांच्या याद्या करायच्या, पाकिटं चिकटवायची, ईमेल नाही काही नाही. त्या पाकिटांवर आमच्यासारख्यांचं सगळं उभं आहे हे लोकांना सांगताना मला फार बरं वाटायचं, कारण आम्ही टेबलवर जे करत होतो ते त्याच कामाचं शेपूट आहे.

आता त्या लाल ड्रेसमधल्या बाई.

शनिवारी साधारण तीन वाजता, गर्दी जरा ओसरली होती, एक कृष्णवर्णीय आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या नक्की, हातात काठी, बरोबर नात, आणि अंगावर तोच लाल युनिफॉर्म, स्वतः शिवलेला, कॉलरची शिवण हाताची दिसत होती. मी टेबलच्या बाहेर आले आणि काय झालं मला माहीत नाही, सवयीने वाकून नमस्कारच केला. त्या दचकल्या, मग मी समजावलं की आमच्याकडे मोठ्यांना असं करतात आणि मोठी माणसं मग म्हणतात ते ह्या पट्टीवर लिहिलंय. त्यांनी पट्टी हातात घेऊन बोट फिरवलं अक्षरांवरून आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग स्वतः म्हणाल्या, "आयुश्मान बव." माझ्या डोक्यावर हात ठेवून.

मग खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सांगितलं. त्या अटलांटाच्याच. १९६६ साली मालिका सुरू झाली तेव्हा त्या विशीत होत्या, एका ऑफिसात टायपिस्टची परीक्षा पास होऊन पण त्यांना पुढच्या दालनात बसू देत नव्हते. आणि टीव्हीवर निशेल निकोल्स, म्हणजे ती लाल ड्रेसमधली ऑफिसर झालेली नटी, डेकवर बसलेली. निकोल्सनी पहिल्या सीझननंतर सोडायचं ठरवलं होतं आणि एका कार्यक्रमात त्यांना मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले तुम्ही सोडू शकत नाही, हा किस्सा निकोल्स स्वतः आयुष्यभर सांगायच्या, मला पाठ आहे. पण किंग ज्या घरात जन्मले ते ऑबर्न अॅव्हेन्यूवरचं घर आम्ही उभ्या होतो तिथून साधारण एका मैलावर आहे, आणि ह्या आजी त्याच भागात वाढलेल्या, त्यांच्या तोंडून तो किस्सा ऐकताना तो मला पहिल्यांदा कळला असं वाटलं. मी आजींना म्हणाले, मीपण बघायचे, खूप लांब, एका छोट्या गावात, आणि मला तुमचा ड्रेस करडा वाटायचा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमचा टीव्हीपण तसाच होता गं, पण मी शेजारणीकडे जाऊन रंग बघून आले होते.

लेक तोपर्यंत मागे पट्ट्या वाटत होती, ती येऊन टेबलाखाली बसली आणि पूर्ण ऐकलं. त्या गेल्यावर तिने विचारलं, आई मे जेमिसन ह्याच कॅरेक्टरमुळे अंतराळात गेली ना? हो, १९९२ ला, पहिली कृष्णवर्णीय महिला अंतराळवीर, आणि लहानपणी तिला हेच आवडायचं असं तिने सांगितलंय. हे मी लेकीला आधी दहा वेळा सांगितलंय, तेव्हा तिचं लक्ष फोनमध्ये असायचं.

रविवारी थकवा जाणवला. घसा बसला, टाचा दुखत होत्या, आणि हॉटेलांमधलं एसी इतकं कडक की शाल आणली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. खाण्याचं पण सांगते, एका हॉटेलच्या काउंटरवर थंडगार सँडविच अठरा डॉलरला घेतलं आणि अर्धं टाकून दिलं, त्यानंतर आम्ही डब्यावरच राहिलो, थालीपीठ, चटणी, केळी. कॉनला जाणाऱ्यांत एक नियम सांगतात, रोज किमान सहा तास झोप, दोन वेळा जेवण, एक अंघोळ. व्हॉलंटियर असाल तर त्यात एक लिटर पाणी शिफ्टमध्ये आणि दर दोन तासांनी दहा मिनिटं बसणं हे माझ्यातर्फे जोडा. चपला नाही, बूट, आणि ते आधी दोन आठवडे वापरलेले. खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी.

रविवारी दुपारी एक मुलगा टेबलसमोरून पुढे गेला, चार पावलं गेला, थांबला, आणि मागे आला. बारीकसा, चष्मा, काळा टी-शर्ट, कुठला कॉस्प्ले नाही, पाठीवर लॅपटॉपची सॅक. पट्टीकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात, "काकू, हे... मराठी आहे का?"

मी म्हटलं, संस्कृत आहे रे पण काकू मराठी आहे.

जॉर्जिया टेकमध्ये मास्टर्सला आलेला, तीन आठवडे झाले होते, नाशिकचा. हॉटेलपासून कॉलेज जवळच, रूममेट कुणी नव्हते घरी, लांब वीकेंड, सगळे कुठे कुठे गेलेले, हा एकटाच, रस्त्यावर परेड बघितली आणि चौकशी करून एका दिवसाचा पास काढून आत आला, कुणालाच ओळखत नव्हता. मी सहज विचारलं, गणपतीला काय केलंस? तर म्हणाला व्हिडिओ कॉलवर आरती केली, घरचे सगळे समोर आणि फोन त्यांनी मखराशेजारी उभा करून ठेवला होता. एवढं बोलून गप्प झाला.

मी टेबलक्लॉथ वर करून डबा काढला.

सात मोदक उरले होते. पहिला त्याने उभ्या उभ्या खाल्ला, दुसरा टेबलच्या मागे येऊन माझ्या खुर्चीत बसून, आणि तिसरा खाताना चष्मा काढून पुसला. लेक त्याला अवघड मराठीत विचारत होती तुला कुठली सिरीज आवडते आणि तो तिला सोप्या इंग्रजीत उत्तरं देत होता. तिथे त्या गर्दीत, एका बाजूला एलियन, दुसरीकडे समुद्री चाचे, आणि खोबरं-गुळाचा वास. मग तो उठला आणि न सांगता पट्ट्या वाटायला लागला. प्रत्येकाला उच्चार नीट शिकवत होता, भव, बव नाही, भ, पोटातून. संध्याकाळी साडेपाचला दोनशेतली शेवटची पट्टी त्याने स्वतःच्या पासला लावली.

तर एकूण मत. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापला तो आमच्याच ग्रुपच्या ड्यूटी लावण्यातल्या गोंधळासाठी, शनिवारी परेडनंतर टेबलवर कमीत कमी चार माणसं हवीतच, त्याखाली करू नका. ज्यांना पॅनल बघायचीत, सेलिब्रिटींना भेटायचंय, त्यांनी टेबलवर उभं राहू नये, त्यांना वाईट वाटेल, मी तीन दिवसांत एकही पॅनल पूर्ण बघितलं नाही. पास आपलाच विकत घ्यावा लागला आम्हाला, तेव्हा पैसे वाचतील ह्या आशेने पण येऊ नका, फक्त लवकर घ्या, जसजसं कॉन जवळ येतं तसा दर वाढत जातो. राहायचं असेल तर हॉटेलच्या खोल्या फार आधी संपतात, लांबून येणाऱ्यांनी मार्टाच्या स्टेशनजवळचं काहीतरी बघावं. पण ज्यांना माणसं आवडतात, ज्यांनी लहानपणी एकट्याने काहीतरी मनापासून बघितलंय आणि त्यावर बोलायला कधी कोणी मिळालं नाही, त्यांनी जरूर करा. मला ती सिरियल आवडते हे मिरजेत कोणाला सांगून उपयोग नव्हता, इथे ऑफिसात सांगून उपयोग नव्हता, आणि ह्या तीन दिवसांत मी अंदाजे चारशे माणसांशी तेवढ्या एकाच विषयावर बोलले, आवाज जाईपर्यंत.

शाखा शोधायची असेल तर ज्या मालिकेचे किंवा कॉमिकचे तुम्ही फॅन आहात त्यांचा तुमच्या गावातला ग्रुप बघा, मे-जूनमध्येच त्यांना सांगा, कारण शिफ्ट ऑगस्टच्या आधीच ठरतात. पुढच्या वर्षी लेबर डे ७ सप्टेंबरला आहे आणि गणपती १४ ला, म्हणजे मोदक नसतील, बेसनाचे लाडू करेन. पट्ट्या पाचशे छापणार आहोत. नाशिकच्या पोराने रविवार सकाळची शिफ्ट आत्ताच मागून घेतलीय, शनिवारला अजून दोन माणसं हवी आहेत.